तिकोण्याच्या मावशीची टाकी

आमचं घर कामशेतला, जुन्या हमरस्त्याला लागून. पुढच्या अंगाला आप्पांचं गॅरेज, मधे पडवी, मागे स्वयंपाकघर. पुढून जळक्या ऑइलचा वास यायचा, मागून तांदळाच्या भाकरीचा, आणि पडवीत बसलं की दोन्ही एकदम नाकात शिरायचे. पुढे दिवसभर ट्रक आणि मागे रेल्वेचे रूळ, त्यामुळे आमच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच लागली नाही. मी अजूनही मोठ्याने बोलते. फोनवर गिऱ्हाइकं विचारतात, रागावलात का ताई? बऱ्याचदा रागावलेली असतेच, पण आवाजाचं कारण ते नसतं.

पडवीतली जागा माझी होती. सुटे केलेले भाग रॉकेलच्या घमेल्यात धुवायचे, ब्रश मारायचा, फडक्यावर ओळीने मांडायचे. शाळा सुटल्यापासून, म्हणजे दहावीनंतर, मी दिवसभर तेच करत असे. धुवायला मुलगी चालायची, बसवायला नाही. बसवायचं काम पुढे गॅरेजातल्या बाकावर व्हायचं, आणि ते माझ्या थोरल्या भावाचं, बाळूदादाचं. मी धुऊन, क्रमाने लावून ठेवलेले भाग तो उचलायचा आणि आप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोराच्या हाताला वळण हाय." क्रम कुणी लावला हे त्यांना ठाऊक होतं. दुपारी हुलग्याचं कढण आणि भात जेवताना मी एकदा बोलून दाखवलं, तर आई म्हणाली, "खाताना भांडू नको, घास अडकंल." घास अडकला नाही. ते बोलणं मात्र अजून अडकलेलं आहे.

हे सगळं लिहिण्याचं कारणही सांगून टाकते. माझा भाऊ आता सत्तरीला आलाय, तब्येत ठणठणीत आहे, आणि घरातल्या प्रत्येक लग्नात पंगत उठली की तो तिकोण्याच्या मावशीच्या टाकीची गोष्ट सांगतो. चांगली सांगतो. लोक हसतात, पोरं तोंड उघडं टाकून ऐकतात. फक्त त्या गोष्टीत मी नसते. गेल्या लग्नात मी अर्ध्या गोष्टीतून उठून आले. तेव्हा झालं ते झालं तसं लिहून ठेवते.

त्या वर्षी भाताची कापणी उरकली होती आणि सकाळी अंगणात बोटं गोठायची. आप्पांनी माझं ठरवून टाकलं होतं. वडगावला आत्याकडे राहायचं, शिवणक्लास करायचा, आणि मग दोन-चार स्थळं बघायची. आत्याला निरोपही गेला होता. माझ्या घमेल्यावर कोण बसणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्याला काय अक्कल लागती?"

त्याच आठवड्यात एक बाई एसटीतून उतरल्या. पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, आणि मांडीवरून मूल उतरवावं तसं त्यांनी एक गाठोडं पडवीच्या कट्ट्यावर ठेवलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली मोटारसायकलची पेट्रोलची टाकी होती. त्या तिकोणा पेठेतून आल्या होत्या. लुगडं सोडलं आणि गॅरेजातले हात थांबले. गर्द हिरव्या रंगाची टाकी, कडेने सुतासारख्या बारीक पिवळ्या रेघा, एका अंगाला तिकोणा किल्ला काढलेला. किल्ल्याच्या पायथ्याशी एक घर आणि घरापुढे लाल लुगड्यातली बाई, करंगळीच्या नखाएवढी.

"ही मी," मावशी म्हणाल्या. "आमचं मालक पेंटर व्हते. लोनावळ्याच्या चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. गाडी घेतली आन दोन म्हैनं निसती टाकीच रंगवत बसले. गाडीवर बसायचं न्हाईत, म्हनायचे वाळंना अजून."

मालक जाऊन तीन वर्षं झाली होती. आता मुलाला कारखान्यात नोकरी लागली होती आणि त्याला जायला-यायला तीच गाडी हवी होती, पण टाकी गळत होती. लोणावळ्यातल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, ही भंगारात घाला, नवी बसवा. मावशी तिथून टाकी उचलून निघून आल्या होत्या.

बाळूदादाने टाकी उलटी केली तर एका कोपऱ्यात साचलेलं चहासारखं लाल पाणी पडलं. पेट्रोल नाही, पाणी. सगळे मावशींकडे बघायला लागले.

"मीच घालत व्हते," त्या म्हणाल्या. "पेट्रोल दिरानं काढून नेलं. मग रिकामी कशी ठिवायची? घरातलं भांडं कुनी रिकामं ठिवतं व्हय? दर आमुशेला तांब्याभर घालायचे."

बाळूदादा गुडघ्यांवर हात ठेवून हसला. आप्पांनीही तोंड फिरवलं. मला हसू आलं नाही. शेजारणीची वाटी परत करताना आमची आई तिच्यात चार दाणे तांदूळ घातल्याशिवाय कधी देत नसे. मावशींनी केलं ते त्याच चालीचं होतं, फक्त भांडं लोखंडाचं आणि तीन वर्षं बंद. मी आत विजेरी मारून बघितलं. गंजाचे पापुद्रे सुटले होते आणि बुडाच्या जोडावर दोन ठिकाणी उजेड आरपार दिसत होता.

आप्पा म्हणाले, "बूड कापून पितळेचा डाग द्यावा लागंल. रंग जळनार. मग नवा मारून देतो, लोनावळ्यात मिळनार न्हाई असा."

"मग मला नको," मावशी म्हणाल्या आणि लुगड्याची टोकं गोळा करायला लागल्या.

"मी करते," मी म्हणाले. "रंगाला हात न लावता."

आप्पांना गिऱ्हाइकासमोर मुलीने तोंड उघडलेलं आवडायचं नाही. पण मावशींचे हात गाठ मारता मारता थांबले होते आणि आप्पांचा सगळ्यात मोठा राग हातचं गिऱ्हाईक जाण्यावर असायचा. त्यांनी मला पडवीत ओढलं.

"कुटं शिकलीस?"

"रोज धुते मी. लोखंड काय मागतं ते मला कळतं."

"आन रंगाला नखभर धक्का लागला तर?"

"तर कुरकुर न करता त्याच दिवशी आत्याकडं जाते. पण रंग टिकला आन टाकी गळली न्हाई, तर क्लास बंद, स्थळं बंद, मी गॅरेजात. घमेल्यावर न्हाई, बाकावर."

"बघू."

"बघू न्हाई. आत्ता काय ते ठरवा, न्हाईतर मावशींची एसटी जाईल."

त्यांनी मान वळवून मावशींच्या गाठोड्याकडे पाहिलं. आयुष्यात पुढे मी पुष्कळ सौदे केले, कंपन्यांच्या साहेबांशी केले, पण समोरच्याची घाई ओळखून किंमत लावायची हे मी त्या पडवीत शिकले. "ठरलं," आप्पा म्हणाले आणि बाहेर जाऊन मावशींना सांगितलं की महिन्याने या.

आजकाल या कामाचं सगळं साहित्य खोक्यात मिळतं. तीन बाटल्या, हातमोजे, कागद. पुण्याची मुलं फोनवर बघून स्वतः करतात आणि रंगावर ओघळ पाडून मग माझ्याकडे येतात. तेव्हा खोकं नव्हतं. आणि हा रंग भट्टीत भाजलेला कारखान्याचा नव्हता, ब्रशने मारलेला होता. पेट्रोलचा ओला बोळा जरी फिरला असता तरी ती लाल लुगड्यातली बाई पुसली गेली असती. बाळूदादाने बॅटरीचं ॲसिड सुचवलं. "दोन तासात चकचकीत." मी म्हटलं, एक थेंब बाहेर पडला की किल्ला गेला. आधी बाहेरचा बंदोबस्त, मग आतलं काम.

बंदोबस्ताला मला मेण हवं होतं, मेणबत्तीचं नाही, पोळ्याचं. मेणबत्तीचं मेण थंडीत तडकतं, पोळ्याचं चिवट असतं. ते वरच्या वाडीच्या चिमाबाईकडे मिळायचं. ती डोंगरातून मध आणून बाजाराच्या दिवशी स्टेशनाबाहेर बसायची. मी आधी मधाची चौकशी केली, मग हिरड्याची, मग सहज विचारल्यासारखं मेणाचं.

"कशापायी पायजे?" ती म्हणाली.

"आईच्या टाचांना भेगा पडल्यात."

"तुझी आय म्हंजे हत्तीन हाय का? चार गोळं मागतीस!"

माझा डाव तिथंच कोसळला. पैसे नको म्हणून तिने मान हलवली. घरी तिचा स्टोव्ह हवा धरत नव्हता, तो आधी दुरुस्त करून दे म्हणाली. मी उन्हातून वाडीवर चढून गेले, पंपाचा वॉशर बदलला, तर म्हणते शेजारणीचाबी बघ. दोन स्टोव्ह झाले तेव्हा चार गोळे मिळाले. माझ्यापेक्षा हुशार सौदा करणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजते. त्यात चिमाबाईचं नाव आधी घेते.

मेणात थोडं खोबरेल घालून कोवळ्या उन्हात मऊ केलं आणि तळहाताने सगळ्या टाकीवर भाकरीच्या जाडीचा थर दिला. बुडाच्या भोकांवरही दाबलं. टाकीच्या तोंडाभोवती कणकेची उंच पाळ केली, म्हणजे काही सांडलं तर कणकेत जिरेल. आईने परात बघून कपाळाला हात लावला. "चपात्या वर्साच्या सनाला करतो आपुन, आन ही बया लोखंडाला कनिक खाऊ घालती!" पण दुसऱ्या दिवशी पाळ सुकून तडकली तेव्हा तिनेच तेलाचा हात लावून नवी मळून दिली.

मग आत साठ बारके नट घातले, थोडं पाणी घातलं, टाकी गोधडीत गुंडाळली आणि हलवत बसले. पापुद्रे सुटल्याशिवाय आतला गंज हाताला लागत नाही. दोन दिवस नुसता तो खुळखुळाट. रेल्वे गेली तरी तिचा आवाज ऐकू यायचा नाही. बाळूदादा येता-जाता विचारायचा, "बाळ झोपलं का?" नट परत काढले तर एकोणसाठ भरले. साठावा शोधायला अर्धा दिवस गेला. तो कोपऱ्याच्या पत्र्यात अडकला होता, सायकलच्या तारेला वळण देऊन काढला.

आई पितळ घासायची ती चिंचेने, म्हणून मीही चिंच घेतली. पातेलंभर उकळून, गाळून, गार करून टाकीत भरली. गरम घातली असती तर मेण सुटलं असतं. तीन दिवसांत तीनदा बदललं. पहिलं पाणी काळं आलं, दुसरं तपकिरी, तिसऱ्याला आत विजेरी मारली तर पत्रा राखाडी दिसला, स्वच्छ. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग विहिरीचं पाणी, पुन्हा पुन्हा. आणि तिथे खरी घाई होती. असं उघडं लोखंड ओलं राहिलं तर घटकाभरात परत लाल पडतं. ऊन तेवढं कडक नव्हतं आणि शेकोटीजवळ नेली तर मेण वितळून रंग शेकला असता. मी कॉम्प्रेसरची हवा तांब्याच्या नळीतून घेतली आणि ती नळी निखाऱ्यांवरून फिरवली. दुसऱ्या टोकाला माझा हात. हाताला सोसेल एवढीच हवा टाकीत जाऊ द्यायची, नळी तापली की उचलायची. दुपारचं जेवण तसंच झाकून राहिलं. आप्पा दोनदा येऊन उभे राहिले. दुसऱ्या खेपेला निखारे त्यांनी स्वतः सारखे केले.

आतला थर द्यायला मी व्हार्निशपासून फरशीच्या रंगापर्यंत पाच चिजा पत्र्याच्या तुकड्यांवर लावून पेट्रोलच्या बाटल्यांत बुडवून ठेवल्या होत्या, पहिल्या दिवसापासूनच. चार विरघळल्या किंवा सालीसारख्या सुटल्या. टिकलं ते एकच, आमच्या शेजारचे काका पिंपरीच्या ज्या कारखान्यात होते तिथे मोटारीच्या तारांची वेटोळी ज्यात बुडवत ते रेझिन. दोन डब्यांतलं एकत्र केलं की काही वेळाने दगड होणारं. काकांनी साहेबाला विचारून उरलेलं आणून दिलं. पेट्रोलचा कॉक बसतो त्या भोकात ग्रीस लावलेला बोल्ट घातला, म्हणजे आटे भरून जाणार नाहीत, आणि रेझिन ओतून टाकी मांडीवर घेतली. उजवी कूस, डावी कूस, नाक खाली, बूड खाली. मधासारखं ते आत सरकतं आणि थांबलं की एका जागी साचतं, म्हणून थांबायचं नाही. घट्ट व्हायला लागलं तसं उरलेलं काढून टाकलं. उठले तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या आणि नाकात दोन दिवस तोच वास होता. कणकेच्या पाळीवर तीन थेंब पडलेले दिसले, काचेसारखे. पाळ नसती तर ते किल्ल्यावर असते.

आठवडाभर सावलीत वाळवली. मग बुडावरचं मेण तेवढं लाकडाच्या चिपेने खरवडून काढलं, कारण झाकलेली भोकं तपासण्यात अर्थ नाही, आणि टाकी पेट्रोलने भरून आढ्याला टांगली. खाली वर्तमानपत्र. मी दिवसातून वीस वेळा वाकून बघायचे. चौथ्या दिवशी कागद कोराच होता. बाकीचं मेण मी मुद्दाम ठेवलं होतं. मावशींसमोर काढायचं, म्हणजे त्यांच्या समोर रंग उघडेल आणि नंतर कुणाला काही म्हणता येणार नाही.

मावशी आल्या. टाकी बाकावर ठेवली होती, मेणाने पिवळी, ओळखू न येणारी. त्यांचा चेहरा उतरला. आप्पा मोठ्याने म्हणाले, "घाबरू नका मावशी, आत सगळं ठीक हाय. आमच्या बाळूनं जीव लावून केलंया."

मी तिथेच, तीन हातांवर उभी होते. बाळूदादाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. नाही म्हणाला नाही.

मी म्हणाले, "मग मेनबी बाळूदादाच काढंल."

त्याला वाटलं त्यात काय. कुठलाही मेकॅनिक हाताला चिकट लागलं की करतो तेच त्याने केलं. बाकाखालचं फडकं घेतलं, पेट्रोलच्या वाटीत बुडवलं, पिळलं, आणि टाकीच्या अंगावर नेलं. नेमकं किल्ल्याच्या बाजूला. पेट्रोलने मेण झटकन सुटलं असतं आणि त्याखालचा रंगही त्याच फडक्यावर आला असता. हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी गप्प राहिले असते तर सगळ्यांना तिथल्या तिथे कळलं असतं की काम कुणाचं नव्हतं. खोटं सांगणार नाही, मी क्षणभर गप्प राहिले. तो क्षण मला आजही लांब वाटतो. फडकं मेणाला टेकायला आलं तेव्हा मी त्याचं मनगट धरलं, एवढं जोरात की त्याच्या तोंडून शिवी गेली.

"ब्रशचा रंग हाय त्यो! पेट्रोल लावतोस?"

मावशींनी एकदा बाळूदादाच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कमरेची पिशवी उघडून एक जुनं, मऊ धुतलेलं धोतराचं फडकं काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "तू काढ," म्हणाल्या.

मी टाकी उन्हात घेतली. चिपेने थर उचलला, मग नुसत्या फडक्याने, उन्हाची ऊब धरत, गोल गोल. हिरवा रंग वर आला, रेघा आल्या, किल्ला आला. शेवटी घर आणि घरापुढची लाल बाई. मावशी खाली वाकून बघत होत्या. त्यांनी बोट लावलं नाही. फक्त म्हणाल्या, "पदर बी हाय तसाच हाय की गं."

मी तशीच वळले. "आप्पा, ठरल्याप्रमानं. बाक."

"आता हितं, गिऱ्हाइकासमोर?"

"हितंच. मावशी साक्षीदार हायत. आन काम कुनी केलं ते नीट सांगा त्यास्नी."

आप्पांचा चेहरा तापला. आमचा राग एकाच घरचा. वाटलं, हात उठतोय. तेवढ्यात रस्त्यावर एक जीप थांबली आणि ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, डिझेलची टाकी पाझरतेय, बघता का. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फडक्याला हात पुसत ते जीपकडे चालत गेले आणि तिथून, रस्त्याच्या आवाजावर आवाज चढवून, त्यांनी बाकाकडे बोट केलं.

"टाकीचं तिला विचारा. मला त्यातलं काय कळत न्हाई."

शिवणक्लासचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. माझं नाव मात्र त्यांनी त्या दिवशीही घेतलं नाही. ड्रायव्हर माझ्या बाकापाशी आला, आजूबाजूला बघत म्हणाला, "कुनाला विचारायचं?" मी म्हणाले, "मला. आधी डिझेल उतरवा."